मापं काढणारी माणसं

लालबागमध्ये ‘मापं काढणं’ हा प्रकार काही चांगला समजला जात नाही. नाक्यावर कुणी तुमची मापं काढायला लागला, की समजायचं, आता राडा होणार! माझा टेक्सासमधला दादा आणि मी मात्र गेले काही महिने दर रविवारी व्हिडिओ कॉलवर हाच उद्योग करतोय. तो रायफलच्या काडतुसांची मापं काढतो, मी छर्ऱ्यांची.

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. पेशाने सॉफ्टवेअरवाला, पण गॅरेजमध्ये प्रेस बसवून स्वतःची काडतुसं स्वतः रीलोड करतो. तिकडे हा चक्क घरगुती छंद आहे. गोळी झाडली की काडतुसाची पितळी केस फुगते आणि रायफलच्या चेंबरचा आकार घेते. ती पुन्हा वापरायची तर दाबून मापात आणावी लागते. हे काम करणारा साचा म्हणजे रिसायझिंग डाय. आणि कुठली डाय घ्यायची, यावर दादाची झोप उडाली होती. नेक डाय फक्त केसची मान आवळते. पितळ कमी दमतं, पण ती केस मग त्याच एका रायफलची होऊन बसते आणि काही वेळा वापरल्यावर तिथेही घट्ट जायला लागते. फुल लेंग्थ डाय अख्खी केस मापात आणते, त्यामुळे काडतूस दर वेळी अलगद आत जातं. बुशिंग डायमध्ये तर मानेचं माप इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत निवडता येतं.

‘‘शिंप्याकडे गेल्यासारखं आहे गं. नुसती कॉलर टाइट करायची, की अख्खा शर्ट आल्टर करायचा?’’ दादा म्हणाला. शेवटी त्याने अख्खा शर्ट, म्हणजे फुल लेंग्थ घेतली.

‘‘तुलाही पाठवू का एक प्रेस?’’

‘‘नको रे बाबा!’’ आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतुसं बनवणं गुन्हा आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान ७ वर्षांपासून थेट जन्मठेपेपर्यंत जाते. शिवाय आमच्या खेळात त्याची गरजही नाही. स्वप्नील कुसळे या मध्य रेल्वेच्या टीसीने २०२४मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ जिंकलं, आठवतंय? त्या खेळातली पॉइंट टू-टूची गोळी रिमफायर असते. ठिणगीचा मसाला केसच्या कडेतच भरलेला असतो आणि झाडताना ती कड चेपते. एकदा वापरली की तिचा खेळ खल्लास.

मी तर अजून १० मीटर एअर रायफलवरच आहे. आठवड्यातून तीनदा, शिवाजी पार्कच्या सावरकर स्मारकातल्या रेंजवर. हे वेड दादरला नवं नाही. २०००च्या सिडनी ऑलिंपिकची फायनल गाठणारी अंजली भागवत दादरच्याच कीर्ती कॉलेजची. तर, ज्यांना गोळी बनवता येत नाही, त्यांनी ती निवडायची असते. आमचा छर्रा नावाला साडेचार मिलिमीटरचा. प्रत्यक्षात डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ अशी डोक्याची मापं छापलेली असतात. माझे आजोबा परळच्या गिरणीत होते. त्यांच्या तोंडी ‘सूत’ असायचं, इंचाचा आठवा भाग. इथे फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा! पण प्रत्येक बॅरलची आवड वेगळी. म्हणून रायफल शिकंज्यात आवळायची, प्रत्येक डब्यातले दहा-दहा छर्रे मारायचे आणि कुठल्या डब्याची भोकं एकमेकांना जास्त चिकटतात ते बघायचं.

आम्ही चार डबे तपासले. क्लबच्या जुन्या रायफलला आवडला तो ४.५०चा मधल्या किमतीचा डबा. सगळ्यात महागड्या जर्मन डब्याची भोकं त्याच्यापेक्षा थोडी जास्त पसरली होती. मला हायसं वाटलं, कारण फ्रीलान्सरचा चेक तीन महिन्यांनी येतो आणि ५०० छर्ऱ्यांचा डबा मात्र आजच संपतो.

आता खरा प्रश्न. टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. स्कोअरमधला दशांशाचा एक पॉइंट म्हणजे पाव मिलिमीटर. आणि माझा हात? तो कित्येक मिलिमीटर हलतो. मग हा सगळा खटाटोप कशाला? रेंजवरच्या सिनियर ताई म्हणाल्या, ‘‘छर्रा चांगला निवडला म्हणून तू चांगली नेमबाज होणार नाहीस. पण आठ लागला, की तो कुणाचा ते कळेल.’’

मला हे फार पटलं. आपल्या पिढीकडे सबबींचा स्टॉक कायम फुल्ल असतो. लॅपटॉप स्लो, बॉस खडूस, लोकल लेट. त्यातली एक जरी सबब मोजूनमापून बाद करता आली, तरी उरतं ते आपलं असतं. म्हणून मी त्याच लॉटचे चार डबे घेतले आणि उरलेले पैसे रेंजच्या फीसाठी बाजूला ठेवले. पुढच्या महिन्यात क्लबची मॅच आहे, ६० शॉट्सची. परवा साठात अकरा आठ लागले. अकराही माझे. आणि हो, छर्रा शिशाचा असतो, तेव्हा रेंजवरून निघालात की आधी साबणाने हात धुवायचे. वडापाव नंतर!