तीन लिटर वंगणाचा हिशेब

यंत्राचे सामर्थ्य त्याच्या आकारमानावरून अजमावण्याची वहिवाट आपल्याकडे फार जुनी असल्यामुळे, अवघ्या सव्वा लिटरच्या डिझेल इंजिनावर चार माणसे, त्यांचे सामान आणि खंडाळ्याचा चढ यांचा भार सोपवावा की नाही, याविषयी प्रारंभी पुष्कळांच्या मनात संशय होता. तो संशय ज्या इंजिनाने दूर केला, त्या फियाटच्या १.३ मल्टिजेटची रचना आणि निगा यांविषयी, अशा इंजिनांची दुरुस्ती करण्यातच ज्याचे आयुष्य गेले त्या माझ्यासारख्या कारागिराला जे सांगण्याजोगे वाटते, ते येथे नमूद करतो.

फियाट आणि जनरल मोटर्स यांच्या भागीदारीच्या काळात सिद्ध झालेल्या या इंजिनाचे उत्पादन २००३ मध्ये पोलंडमधील ब्येल्स्को-ब्यावा येथे सुरू झाले. पुढे भारतात ते मानेसरला मारुती-सुझुकीसाठी आणि पुण्याजवळ रांजणगावला फियाट व टाटा यांच्या संयुक्त कारखान्यात तयार होऊ लागले. स्विफ्ट, डिझायर, अर्टिगा, इंडिका व्हिस्टा, पुंटो, लिनिया अशा निरनिराळ्या कंपन्यांच्या मोटारींत हेच हृदय धडधडत राहिल्यामुळे मोटारजगताने त्याला ‘राष्ट्रीय इंजिन’ हे बिरुद बहाल केले. १ एप्रिल २०२० पासून धुराविषयीच्या बीएस-६ नियमांचा अंमल सुरू होताना मारुतीने डिझेल मोटारी बंद केल्या. तथापि रस्त्यावर आज धावत असलेल्या गाड्यांची संख्या पाहता त्याच्या देखभालीचा प्रश्न अद्याप निकालात निघालेला नाही.

त्याचा तपशील असा. ६९.६ मिलिमीटर व्यासाचे चार सिलिंडर, ८२ मिलिमीटरचा स्ट्रोक, एकंदर १२४८ घन सेंटिमीटर. बिडाचा ब्लॉक, अॅल्युमिनियमचे हेड, सोळा व्हॉल्व्ह, आणि ते चालवणाऱ्या दोन कॅमशाफ्टना फिरवणारी, पट्ट्याऐवजी योजलेली लोखंडी साखळी. साध्या टर्बोच्या आवृत्तीत ७५ अश्वशक्ती आणि २००० फेऱ्यांना १९० न्यूटन-मीटरचा पीळ (टॉर्क), तर टर्बोच्या पात्यांचा कोन बदलू शकणाऱ्या आवृत्तीत ९० अश्वशक्ती. १९९८ साली आलेल्या टाटा इंडिकाचे टर्बोविरहित डिझेल इंजिन १४०५ घन सेंटिमीटरचे असून सुमारे ५४ अश्वशक्ती देई, हे लक्षात घेतले म्हणजे आकार घटूनही शक्ती वाढली कशी, हा प्रश्न सहजच उपस्थित होतो.

त्याचे उत्तर इंधन आणि हवा या दोहोंच्या बंदोबस्तात आहे. प्रवासी मोटारींपैकी १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ मध्ये प्रथम आलेल्या कॉमन रेल पद्धतीत इंधन एका सामाईक नळीत प्रचंड दाबाखाली सज्ज ठेवलेले असते आणि ते केव्हा व किती सोडावे, हे संगणक ठरवतो. मल्टिजेटमध्ये तर एकाच ज्वलनासाठी ते अनेक लहान हप्त्यांत सोडले जाते, ज्यायोगे स्फोटाचा धक्का आणि डिझेलचा तो ओळखीचा खडखडाट दोन्ही सौम्य होतात. दुसरीकडे, बाहेर जाणाऱ्या तप्त वायूंवर फिरणारा टर्बो दर मिनिटाला लाखाहून अधिक फेऱ्या घेत सिलिंडरमध्ये हवा कोंबतो. या इंजिनाची गाडी दोन हजार फेऱ्यांखाली मंद आणि त्यावर एकाएकी उत्साही वाटते, ती टर्बोला पुरेसा वायू त्यानंतरच मिळतो म्हणून. चढावर वरचा गिअर धरून ठेवून अॅक्सिलरेटर दाबत राहण्यापेक्षा एक गिअर खाली घेणे हे इंजिनाच्या हिताचे आहे.

परंतु या सर्व किमयेचे मूल्य ज्याला चुकते करावे लागते, ते आहे वंगण. सुमारे तीन लिटर तेल एवढीच या इंजिनाची जमा; आणि खर्चाच्या बाजूला पाहावे, तर बेअरिंगांना धातूच्या घर्षणापासून दूर ठेवणे, पिस्टनच्या पोटावर फवारा मारून त्याची उष्णता हरण करणे, टर्बोचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत ठेवणे, साखळी ताणून धरणाऱ्या टेन्शनरला दाब पुरवणे आणि ज्वलनातून झिरपलेली काजळी फिल्टरपर्यंत वाहून नेणे, ही सारी कामे त्याच तीन लिटरांच्या माथी. मोठ्या इंजिनाच्या मुबलक साठ्यातून एक लिटर कमी झाले तर फरक जाणवत नाही. येथे मात्र एक लिटर म्हणजे जमेचा तिसरा हिस्सा, आणि म्हणूनच मी असे म्हणतो की लहान टर्बो-डिझेल इंजिन दुबळे नसते, पण हयगयीला क्षमा करण्याइतकी शिल्लक त्याच्यापाशी नसते.

साखळीचेच उदाहरण घ्यावे. ‘साखळी आहे, बदलावी लागत नाही’ असे विक्रेते छातीठोकपणे सांगत आणि तेल स्वच्छ व पुरेसे असेतोवर ते बव्हंशी खरेही आहे. पण काजळीने दाट झालेले तेल दुव्यांच्या पिनांवर घासपावडरीसारखे काम करते, प्रत्येक पिन कणभर झिजते, त्या सर्व कणांची बेरीज होऊन साखळी लांबते, आणि पातळी घटल्याने टेन्शनरही सैल पडला, म्हणजे सकाळी थंड इंजिन सुरू करताना काही क्षण खळखळ ऐकू येते. ती इशाऱ्याची घंटा समजावी. पुढे साखळीने दात चुकवला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन परस्परांवर आदळतात आणि दुरुस्तीचा खर्च जुन्या गाडीच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो.

युरोपात या इंजिनाच्या तेलबदलाची मुदत ३०,००० किलोमीटरपर्यंत ठेवली गेली, आपल्याकडे स्विफ्टसाठी ती १०,००० होती. आपली धूळ, उष्मा आणि रांगेत खोळंबून चालणारी वाहतूक ध्यानी घेता, ही कमी मुदतही कमाल मर्यादा मानावी आणि वर्ष उलटल्यास किलोमीटर न पाहता तेल बदलावे, असे माझे ठाम मत आहे. तेल निर्मात्याने नमूद केलेल्या दर्जाचेच असावे आणि दर पंधरवड्याला, सपाट जागेवर, थंड इंजिनात पट्टीवरची पातळी पाहावी. डिझेल फिल्टरमध्ये साठणारे पाणी वेळच्या वेळी काढावे, कारण इंजेक्टरमधील मायक्रॉनांत मोजले जाणारे अंतर गंजाचा एक कणही सहन करीत नाही. घाट चढून येताच गाडी बंद न करता मिनिटभर सावकाश चालू ठेवावी. तप्त टर्बोत तेलाचा प्रवाह अचानक थांबला की तेल तेथेच करपते आणि दांड्याची बेअरिंगे खराब होतात.

जुनी गाडी घेणारे मीटरवरचा आकडा पाहून सौदा ठरवतात, तेव्हा मला वाईट वाटते. दोन लाख किलोमीटर लांब पल्ल्यावर धावलेल्या, वेळेवर तेल मिळालेल्या टॅक्सीचे इंजिन आतून स्वच्छ निघते, आणि घर ते भाजीमंडई एवढ्याच फेऱ्या मारलेल्या, कधी पुरते तापलेच नाही अशा पन्नास हजारांच्या गाडीत जळालेला वायू पुन्हा सिलिंडरकडे वळवणारा इजीआर व्हॉल्व्ह काजळीने बुजलेला आढळतो. तेव्हा विक्रेत्याकडे प्रथम मागावे ते तेलबदलांचे तारीखवार दप्तर. ते नसेल तर साखळी आणि टेन्शनर यांच्या कामाची रक्कम किमतीतून वजा धरावी. अभियंत्यांनी एवढ्याशा देहात एवढे सामर्थ्य बसवले, ते सांभाळणाऱ्याच्या शिस्तीवर विश्वास ठेवून. तो विश्वास राखणे हे गाडीच्या मालकाचे कर्तव्य आहे, आणि त्याला लागते ती फक्त एक वही व नियमितपणा.