चित्रपुस्तक संपल्यानंतर

मराठीत लहान मुलांसाठी चांगली पुस्तकेच नाहीत, ही तक्रार परिसंवादांतून अजूनही ऐकू येते. ती करणाऱ्यांनी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मुलांच्या पुस्तकांचे दुकान पाहिलेले नसावे. माधुरी पुरंदरे यांचा 'राधाचं घर' हा संच आणि त्यांची यशची पुस्तके आहेत. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय ही जुनी माला आहे, चेन्नईच्या तूलिकाची मराठी पुस्तके आहेत, २००४ साली सुरू झालेल्या प्रथम बुक्सची स्वस्त आणि देखणी पुस्तके आहेत. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन वाचून दाखवायला आज मराठीत पुष्कळ काही आहे. माझी तक्रार त्याच्या पुढच्या वयाची आहे.

मी राहते बदलापूरला आणि मराठी शिकवते उल्हासनगरच्या एका महाविद्यालयात. दरवर्षी जून-जुलैत पहिल्या वर्षाच्या वर्गाला मी एक प्रश्न विचारते : पाठ्यपुस्तक सोडून तुम्ही शेवटचे पुस्तक कोणते वाचले? उत्तरादाखल बहुधा शांतता मिळते. मग कोणी 'अग्निपंख' म्हणते, कोणी 'श्यामची आई'. (त्यातले किती खरे, हे मी ताणून विचारत नाही.) गप्पा वाढल्या की मात्र मुले मोकळेपणाने सांगतात. गोष्टी आवडायच्या, आजी सांगायची, अंगणवाडीतल्या बाई सांगायच्या, पहिली-दुसरीत चित्रांची पुस्तके हाताळलेली असतात. मग तिसरी-चौथीच्या सुमारास काहीतरी तुटते. या वयात मुलाला चित्रपुस्तक 'लहान बाळांचे' वाटू लागते, आणि 'फास्टर फेणे' हातात दिला तर बारीक टायपात ओळींमागून ओळी पाहून ते पुस्तक मिटून ठेवते. फुरसुंगीचा फेणे दहा-अकराव्या वर्षी भेटावा असा मित्र आहे. सात ते नऊ या वयाचे काय?

या वयाला हवे असते ते पन्नास-साठ पानांचे पुस्तक. टाइप मोठा, दोन-तीन पानांआड एखादे चित्र, तीच माणसे प्रत्येक प्रकरणात, आणि प्रकरण असे की एका बैठकीत संपावे व पुढचे उद्यासाठी उरावे. इंग्रजी पुस्तकांच्या व्यवहारात अशा पुस्तकांचे वेगळे कपाट असते. मराठीत त्यांना रुळलेले नावही नाही. आमच्या भागातल्या एका वाचनालयात बालविभागाचे एकच कपाट आहे. वरच्या कप्प्यात ज्यूल व्हर्नचे अनुवाद, खालच्या कप्प्यात सुतळीने बांधलेला चित्रपुस्तकांचा गठ्ठा. गठ्ठा का बांधला, असे विचारले, तर ग्रंथपाल म्हणाल्या, "मॅडम, यांना कणाच नसतो, उभी राहत नाहीत." पातळ पुस्तकांच्या कण्यावर नाव छापता येत नाही एवढेच त्यांना म्हणायचे होते. 'ग्रंथसखा'सारखे वाचनालय श्याम जोशी यांनी ज्या गावात उभे केले, त्या गावाला ग्रंथप्रेम शिकवण्याची गरज नाही. प्रश्न त्या दोन कप्प्यांमधल्या रिकाम्या जागेचा आहे.

ही जागा रिकामी का राहिली? छपाईचा खर्च, कमी खप, इंग्रजी शाळा ही कारणे आहेतच, आणि ती इतक्या वेळा सांगून झाली आहेत की मी पुन्हा सांगत बसत नाही. मला एक वेगळेच कारण दिसते. वाचायला सोपे म्हणजे काय, हे मोजण्याची आपली पट्टी चुकली आहे. आपण सोपेपणा अक्षरांत मोजतो.

आपल्याकडे नव्याने वाचू लागलेल्या मुलासाठी 'जोडाक्षरविरहित गोष्टी' नावाचा एक प्रकार आहे. काना, मात्रा, वेलांटी, उकार झाले. जोडाक्षरे अजून व्हायची आहेत. या मधल्या काही महिन्यांसाठी शिक्षकांनी सद्हेतूने काढलेली ही युक्ती. काही महिन्यांपुरती ती ठीकच आहे. पण जोडाक्षर वगळून मराठी लिहायला बसा, म्हणजे काय काय हातून जाते ते कळेल. 'त्याला' गेले, 'त्याने' गेले, 'त्यांना' गेले. 'माझ्या' आणि 'तुझ्या' गेले. 'घराच्या मागे', 'आईच्या कुशीत', 'राजाच्या महालात' यांतला 'च्या' गेला, म्हणजे कोणतीही गोष्ट दुसऱ्या कशाच्या आत, मागे वा शेजारी असण्याची सोयच गेली. 'होत्या' आणि 'नव्हता' गेले. 'मित्र' गेला, 'रस्ता' गेला, 'चित्र' आणि 'पुस्तक' गेले. खुद्द 'गोष्ट' या शब्दातही जोडाक्षर आहे! उरतो तो ससा, उरतो राजा, आणि एकमेकांना न चिकटलेली वाक्ये : ससा आला, ससा पळाला, राजा हसला. 'त्याला', 'त्याने' यांवाचून सशाचे नाव पुन्हा पुन्हा घ्यावे लागते. मुलाला हे वाचता येते. ऐकावेसे वाटत नाही. घरात असे कोणीच बोलत नाही.

त्यात एक गंमत आहे. 'म्हणाला' हे क्रियापदही अशा गोष्टींत चालत नाही, कारण 'म्ह' हे जोडाक्षर. मग ससा 'बोलला' असे लिहावे लागते. आता 'आई म्हणाली'ऐवजी 'आई बोलली' म्हणणे ही मुंबई-ठाण्याकडची खास लकब. आम्ही मराठीची मास्तर मंडळी ती वर्षानुवर्षे लाल शाईने दुरुस्त करत आलो. तीच लकब बालवाङ्मयात मागच्या दाराने सन्मानाने शिरली आहे.

अक्षराच्या अवघडपणाविषयी मला पहिली शंका आली ती लोकलच्या प्रवासात. कल्याणहून कर्जतकडे येताना स्थानकांच्या पाट्या पाहा. कल्याण, विठ्ठलवाडी, उल्हासनगर : तिन्हींत जोडाक्षर. मग अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी रोड अशी सोप्या अक्षरांची माळ, आणि शेवटी कर्जतचा रफार. शाळेच्या हिशेबाने उल्हासनगरच्या मुलाला आपल्या गावाचे नाव बदलापूरच्या मुलापेक्षा काही महिने उशिरा वाचता यायला हवे. प्रत्यक्षात तसे होत नाही. खिडकीपाशी उभे असलेले पहिलीतले पोर 'विठ्ठलवाडी' झटकन वाचते, कारण पाटी दिसण्याआधी ती तिथे असणार हे त्याला ठाऊक असते. डब्यात उद्घोषणा झालेली असते, आत्या तिथेच राहत असते. 'ठ्ठ' हे अक्षर त्या पोराला शब्दामुळे कळते. आपण मात्र शब्द अक्षरामुळे कळतो असे धरून चाललो आहोत.

चित्रपुस्तकांनी ही पट्टी केव्हाच मोडली. 'राधाचं घर' या नावात एकही जोडाक्षर नाही, पण आत ती मोकळेपणाने येतात आणि कोणाचे अडत नाही. मूल बोलते तशी वाक्ये, आणि शब्दाला टेकू द्यायला शेजारी चित्र. पुरंदरे यांनी चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतले आहे, आणि निर्मलाताई पुरंदरे यांच्या 'वनस्थळी'चे ग्रामीण बालवाड्यांचे काम त्यांनी जवळून पाहिले आहे. या दोन्ही गोष्टी पानावर दिसतात. २०१४ साली त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, तेव्हा मला तो केवळ एका लेखिकेचा सन्मान वाटला नव्हता. बोलत्या मराठीवर छापील पानाने केलेली ती सही होती. थोड्या मोठ्या मुलांसाठीही त्यांनी लिहिले आहे. पण एका लेखिकेने किती खिंडी लढवाव्यात?

इंग्रजीतही हा पेच होता, फक्त तिथली पट्टी शब्दांची होती. १९५७ साली अमेरिकेत दोन पुस्तके आली. डॉ. स्यूस यांनी 'द कॅट इन द हॅट' हे पुस्तक मोजून २३६ वेगवेगळ्या शब्दांत लिहिले. त्या अडचणीतूनच त्याचा ताल निघाला. त्याच वर्षी एल्स मिनारिक यांचे 'लिटल बेअर' मॉरिस सेंडॅक यांच्या चित्रांसह आले : एक अस्वलाचे पिल्लू, त्याची आई, आणि चार छोटी प्रकरणे. पुढे १९७० मध्ये आर्नल्ड लोबेल यांनी बेडूक आणि भेक या दोन मित्रांच्या पाच गोष्टी लिहिल्या. त्यांतले शब्द पहिली-दुसरीतल्या मुलाच्या आवाक्यातले आहेत, पण त्यातली मैत्री, रुसवा आणि वाट पाहणे मोठ्यांनाही पुरून उरते. शब्द थोडे असले तरी वाक्याचा गळा दाबलेला नाही. इंग्रजीत शब्द मर्यादित ठेवूनही 'ही' आणि 'शी' शिल्लक राहतात. मराठीत अक्षर मर्यादित केले की व्याकरणच हातचे जाते. दोन पट्ट्यांतला हा फरक आपल्याकडे पुरेसा लक्षात घेतला गेला नाही, असे मला वाटते.

एरवी प्रकरण पाडण्याची कला आपल्याला परकी नाही. 'श्यामची आई'ची प्रकरणे आठवा : रात्र पहिली, रात्र दुसरी, रात्र तिसरी. साने गुरुजींनी गोष्टीचे माप पानांत घेतले नाही. एका रात्री सांगून होईल आणि ऐकणाऱ्याला उद्या पुन्हा यावेसे वाटेल, एवढे घेतले. (त्या पुस्तकातल्या अश्रूंबद्दल माझे काही मतभेद आहेत, ते आज बाजूला ठेवते.) ना. धों. ताम्हनकरांच्या 'गोट्या'तही तेच पात्र घेऊन प्रसंगामागून प्रसंग येतात. आठ वर्षांच्या मुलाच्या बेताने लिहिलेले असे पुस्तक मागायचे, तर ती मागणी परंपरेच्या बाहेरची नव्हे.

उल्हासनगरात राहून या प्रश्नाची दुसरी बाजूही दिसते. फाळणीनंतर सिंधमधून आलेले लोक कल्याणजवळच्या लष्करी छावणीत वसले आणि १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर चार' हे पत्ते अजून तसेच आहेत. १९६७ मध्ये सिंधी भाषा घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. पण पुस्तके आजोबांच्या अरबी वळणाच्या, बावन्न अक्षरी लिपीत. आणि नातवंडांची अक्षरे देवनागरी नाहीतर रोमन. माझ्या एका सिंधी सहकाऱ्यांच्या घरी त्यांच्या वडिलांची पुस्तके कपाटात आहेत. घरातले सगळे सिंधी बोलतात, आणि ती पुस्तके आता घरात कोणालाच वाचता येत नाहीत. बोलणे शाबूत राहून वाचणे एका पिढीत जाऊ शकते, हे मी पुस्तकात वाचलेले नाही, त्या कपाटासमोर उभे राहून पाहिले आहे. बदलापूरच्या नव्या इमारतींतली मराठी मुले इंग्रजी शाळेत जातात, घरी अस्खलित मराठी बोलतात, आणि मराठी परिच्छेद बोट ठेवून, धापा टाकत वाचतात. लिपी तीच असूनही!

२०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी शिकवणे सक्तीचे झाले. त्याविषयी मते काहीही असोत, त्याचा एक परिणाम असा की कॅम्पातली सिंधी मुलेही आता देवनागरी मराठी वाचू लागली आहेत. आठ वर्षांचे मूल, मराठी जेमतेम, पण गोष्टीची भूक आठ वर्षांचीच. त्याला बडबडगीत दिले तर अपमान वाटतो आणि कादंबरी झेपत नाही. पाठ्यपुस्तकापलीकडे त्याच्या हातात काय ठेवायचे?

दोन वर्षांपूर्वी मी तृतीय वर्षाच्या मुलांना एक काम दिले : तिसरीतल्या मुलासाठी गोष्ट लिहा आणि ती अशा एका मुलाला प्रत्यक्ष वाचून दाखवा. तीस-बत्तीस गोष्टी आल्या. बहुतेकींत राजा होता, जंगल होते आणि शेवटी तात्पर्य होते. ज्या मुलांनी आयुष्यात राजा पाहिला नाही आणि जंगल फक्त मलंगगडाच्या पायथ्याशी पाहिले, त्यांना लिहायला बसल्यावर हेच सुचावे, याचा दोष मी त्यांना देत नाही. छापील गोष्ट अशीच असते, हे त्यांना कोणीतरी शिकवले आहे.

एक गोष्ट मात्र वेगळी होती. कॅम्प नंबर पाचमधली एक मुलगी; तिची आई घरी जीन्सचे धागे कापण्याचे काम करते. कारखान्यातून गठ्ठे येतात, धागे कापून, घड्या घालून परत जातात, पैसे नगावर. तिने त्यावरच लिहिले. गोष्टीतला मुलगा आठ वर्षांचा. पहिल्या भागात तो गठ्ठ्यांचा किल्ला करतो. दुसऱ्यात एका पँटच्या खिशात त्याला अनोळखी किल्ली सापडते. तिसऱ्यात ती किल्ली कोणाची, हे शोधायला तो ताईबरोबर कारखान्यात जातो. प्रत्येक भागाला तिने नाव दिले होते : पहिला गठ्ठा, दुसरा गठ्ठा, तिसरा गठ्ठा. आपण कोणता वाङ्मयप्रकार लिहीत आहोत, याची तिला कल्पना नव्हती.

वही देताना तिने विचारले, "मॅडम, मम्मी 'बोलली' लिहू की 'म्हणाली'?" आमची यावर बरीच चर्चा झाली. शेवटी मुलाच्या तोंडी 'बोलली' आणि निवेदनात 'म्हणाली', असे ठरले. निवेदनातही 'बोलली' चालले असते, असे आता माझे मत होत चालले आहे. जोडाक्षरे तिने मोजली नव्हती. 'किल्ली' आणि 'गठ्ठा' हे गोष्टीतले दोन मुख्य शब्दच जोडाक्षरी आहेत. महापालिकेच्या शाळेत तिसरीत असलेला तिचा भाऊ 'गठ्ठा' या शब्दावर अडखळला नाही. तो अडखळला 'अनोळखी'वर. त्या शब्दात एकही जोडाक्षर नाही.

आम्ही ती गोष्ट मोठ्या टाइपात छापून, कागद दुमडून, पाच प्रती शिवल्या. चित्रे वर्गातल्याच एका मुलाने काढली; शिलाई मशीन छान जमले आहे, माणसांचे हात जमलेले नाहीत. त्यातल्या दोन प्रती भावाच्या वर्गात फिरून परत आल्या नाहीत. तिसऱ्या भागाच्या अखेरीस किल्ली कोणाची ते कळते, पण ती कशाची ते कळत नाही. आणि भावाने त्यावरून बहिणीला आठवडाभर छळले. ती आता नोकरी करते आणि चौथा गठ्ठा रात्री लिहिते. त्यात शेठ हिशेबात एक डझन कमी धरतो. किल्लीचा त्याच्याशी काय संबंध, हे तिने अजून मलाही सांगितलेले नाही.