घाटमाथ्यावर थांबणे

सज्जनहो, सायकलवर बसून पंढरीला गेले तर ती वारी होते का? गेली काही वर्षे हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. विचारणारे दोघे आहेत आणि दोघेही माझेच आहेत. एक आमच्या दिंडीतले ज्येष्ठ विणेकरी. त्यांच्या सोबतीने मी कितीतरी वर्षे पायी चाललो. ते म्हणतात, "महाराज, ज्याचे पाय वाटेच्या धुळीला लागत नाहीत, त्याची वारी कसली?" दुसरा माझा नातू. तो रविवारी पहाटे उठून सायकलने घाट चढायला जातो आणि आषाढीच्या अगोदर मित्रांबरोबर सायकलनेच पंढरपूर गाठतो. त्याच्या गळ्यात अजून माळ नाही. तो मला म्हणाला, "आबा, तुमच्या दिंडीतली माणसं आम्हाला वारकरी मानतच नाहीत. मग माळ घालून तरी काय करू?"

आता माझे गुडघे चालू देत नाहीत आणि कीर्तनाची गादीही मी सोडली आहे. पण हा प्रश्न सोडून चालणार नाही. एका घराची पुढची पिढी वारीच्या वाटेवर राहते की वाटेवरून उतरते, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

सायकल मला परकी नाही. १९७२-७३ च्या सुमारास सासवडकडून पुण्याच्या बाजूला कीर्तनाला जायचे, तर माझे वाहन सायकलच होते. काळी, जड, बिनगिअरची. कॅरिअरला पिशवी, पिशवीत टाळ, उपरणे आणि फेटा. जाताना दिवेघाट उतरायचा, म्हणून बरे वाटे. कीर्तन आटोपून रात्री परतताना तोच घाट चढायचा. वडकी मागे पडली की चढ सुरू. घाट लांबीला चारेक किलोमीटर, पण रात्री तो संपता संपत नाही. सायकलला डायनामोचा दिवा होता. चाक जोरात फिरले तर तो उजेड देणार. म्हणजे उतारावर, जिथे सायकल आपोआप पळते, तिथे दिवा लख्ख, आणि चढावर, जिथे माणूस खरा दमतो, तिथे नुसता मिणमिणता. अर्धा घाट मी सायकल हातात धरून चालत चढत असे. त्यात कमीपणा वाटला नाही. खाली मस्तानी तलाव चांदण्यात चमकत असे आणि तोंडात हरिपाठ असे. साधकालाही चढणीच्या काळात उजेड थोडाच मिळतो. तेवढ्यावर पुढचे चार हात दिसले तरी पुरे, हे मी त्या दिव्याकडून शिकलो.

आताच्या सायकली हलक्या आहेत, त्यांना गिअर आहेत. पण घाट तेच आहेत. आपल्याकडच्या मुलांचे ठरलेले रस्ते म्हणजे कात्रजचा जुना घाट, दिवेघाट, आणि सासवडलाच जाणारा पण दिवेघाटापेक्षा खडा असा बोपदेव. पुढे सवय झाली की खंबाटकी, मग वाईहून पाचगणीला चढणारा पसरणी. वाई समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटर उंचीवर, पाचगणी १,३०० मीटरच्या आसपास, आणि मधला रस्ता बारा-तेरा किलोमीटर. म्हणजे शंभर पावले पुढे गेल्यावर पाच पावले वर, असा हिशेब. ऐकायला थोडे वाटते, पण तासाभराचा असा चढ मांड्यांची परीक्षा घेतो. त्याहून मोठा आंबेनळी. महाबळेश्वरहून पोलादपूर ४० किलोमीटर, आणि पोलादपूर म्हणजे कोकणच. तिथून वर यायचे तर सकाळ पुरत नाही.

मागच्या हिवाळ्यात मुले पसरणी चढत होती तेव्हा मी मागून मोटारीत होतो. एक तरणा मुलगा पायथ्यापासून उभा राहून पेडल मारत सुटला. तिसऱ्या किलोमीटरला तो कठड्यापाशी मान खाली घालून थांबलेला दिसला. पन्नाशीच्या एक बाई सुरुवातीपासून हलक्या गिअरवर होत्या. पाय सारख्या लयीत फिरत होते, श्वास ताब्यात होता, नजर वरच्या वळणाकडे नव्हती, समोरच्या दहा-बारा हात रस्त्यावर होती. त्या न थांबता पाचगणीला पोहोचल्या. कीर्तनकाराला हे लगेच कळते. पहिल्याच चालीला द्रुत लय धरली की निरूपणापर्यंत आवाज उरत नाही. ठाय लयीत सुरुवात करणाराच शेवटच्या गजरापर्यंत टिकतो.

माउलींनी ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योगाला पर्वत म्हटले आहे. त्या पर्वताच्या पायथ्याशी यमनियम आहेत. तिथून आसनाची पाऊलवाट निघते, पुढे प्राणायामाचा कडा लागतो. त्याच्याही वर प्रत्याहाराची जागा इतकी निसरडी, की तिथे बुद्धीचाही पाय ठरत नाही आणि हट्टाने चढणारे आपली पैज सोडून देतात. मग वर जायचे कसे? अभ्यासाच्या बळाने, वैराग्याची नखे रोवत, थोडे थोडे. घाट चढणाऱ्या मुलांना हे वर्णन मी समजावून सांगितले, तेव्हा त्यांना दृष्टांत वेगळा द्यावा लागला नाही. तो त्यांच्या पायांत होता.

उताराचेही ऐका. घाटात अपघात बहुधा चढताना होत नाहीत, उतरताना होतात. वळणाच्या आधीच वेग कमी करायचा, वळणात गेल्यावर नाही. दोन्ही ब्रेक वापरायचे, पण सारखे दाबून धरायचे नाहीत. नाहीतर ते तापतात आणि ऐनवेळी दगा देतात. पावसाळ्यात धुके, शेवाळ आणि दरडीतून सुटलेले दगड, म्हणून आणखी सावध. कीर्तन रंगले, हारतुरे झाले, लोक पाया पडू लागले, की आपल्या माणसाचाही उतार सुरू होतो. तिथेही ब्रेक आधीच लावावा लागतो.

आता मूळ प्रश्न. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. शर्यतीत ते शोभते. पण आपल्या दिवेघाटाचा राजा कोण? माउलींचा रथ घाटाला लागला की त्याला जादा बैलजोड्या जुंपतात. ज्याच्या नावाने सारे चालले आहेत, त्याचा रथसुद्धा घाट एकट्याच्या जोरावर चढत नाही. दिंडीत धट्टाकट्टा गडी पुढे पळत नाही. म्हाताऱ्याच्या चालीने चालतो, कोणाचे बोचके आपल्या खांद्यावर घेतो. पायी वारीत धूळ आहे, पाऊस आहे, पण तिचे मर्म मला या चालीत दिसते. सगळ्यांत मागच्याची गती ती दिंडीची गती.

म्हणून विणेकरीबुवांना मी सांगितले, "पाय कुठे टेकतात ते नका पाहू, घाटमाथ्यावर कोण कोणासाठी थांबतं ते पाहा." आणि नातवाला सांगितले, "बाळा, वारी म्हणजे एकदा जाणं नाही, नेमानं जाणं आणि परत येणं. आषाढात जाताना वारा पाठीशी असतो, परतताना तोंडावर. त्या वाऱ्यात पुढचा दमला की दुसऱ्यानं पुढे व्हायचं आणि मागच्यांना आडोसा द्यायचा. मुखात नाम ठेव. चढावर बोलता येत नसेल तर श्वासाला जोड. आणि माथ्यावर पोहोचलास की घड्याळ पाहू नकोस, शेवटचा सोबती येईपर्यंत थांब. एवढं झालं तर तुझी ती वारीच."

तो काही बोलला नाही. माळेचे मीही काढले नाही. माळ मागून घ्यायची असते. पण आता घरी आल्यावर तो किती मिनिटांत घाट चढला हे सांगत नाही, शेवटी कोण आले ते सांगतो. विणेकरीबुवांचे समाधान पूर्ण झालेले नाही. तरी त्यांनी परवा विचारले, "पोरं यंदा कधी निघणार?"

वाचक माउली, आपल्यालाही वाटेत असे सायकलवाले दिसतील. त्यांना वाट द्या, तांब्याभर पाणी द्या आणि 'माउली' म्हणून हाक मारा. हाक ऐकून जो थांबेल, तो आपलाच आहे.

रामकृष्णहरि.