मॉरिशसची दोन दप्तरे

पोर्ट लुई सोडून ब्लॅक रिव्हर जिल्ह्यातून दक्षिणेकडे उतरणारा रस्ता उसाचे मळे मागे टाकून समुद्राला भिडतो, तेव्हा बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला उभा असलेला ल मॉर्नचा 556 मीटर उंचीचा कातळ एकाएकी दृष्टीस पडतो, आणि सह्याद्रीच्या दुर्गांना सरावलेल्या डोळ्यांना तो एखाद्या बेलाग किल्ल्यासारखाच भासतो. मोझांबिक आणि मादागास्कर येथून पकडून आणलेले, पण मळेवाल्यांच्या जाचातून निसटलेले गुलाम याच्या आश्रयाने राहत. पायथ्याशी एक शिक्षिका आपल्या विद्यार्थ्यांना क्रेओल भाषेत येथली कथा सांगत होती : 1 फेब्रुवारी 1835 रोजी गुलामगिरी रद्द झाल्याचे कळविण्यास शिपाई वर चढले आणि ते आपल्याला धरावयास आले असे समजून त्या लोकांनी कड्यावरून उड्या घेतल्या. या कथेला दप्तरी पुरावा नाही. परंतु ज्यांच्या हाती कधी कागद येऊच दिला नाही, त्यांच्या वंशजांकडे पुरावा मागणे मला अन्यायाचे वाटते.

सुटका सुमारे 66 हजार माणसांची झाली, नुकसानभरपाई मात्र मालकांना मिळाली, तीही 20 लाख पौंडांहून अधिक. आणि मुक्त म्हणविलेल्यांना उमेदवारीच्या नावाखाली 1839 पर्यंत त्याच मळ्यांत राबावे लागले.

त्याच सुमारास, 2 नोव्हेंबर 1834 रोजी, ‘ॲटलस’ जहाजाने कलकत्त्याहून 36 करारबद्ध मजूर आणले होते. पुढे पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर, म्हणजे मजुरांना उतरवून घेण्याच्या धक्क्यावर, असे लाखो उतरले, त्यांत मुंबई बंदरातून निघालेले आपले कोकणातले लोकही होते. त्यांच्या हालअपेष्टा थोड्या नव्हत्या. तरी सरकारी दप्तराने त्यांचे नाव, बापाचे नाव, गाव, आणि पुढे पुढे छायाचित्रसुद्धा नोंदून ठेवले, त्यामुळे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जाऊन तेथील मराठी माणूस आजही आपल्या पणजोबाचा माग काढू शकतो. गुलामांचा वंशज असलेल्या त्याच्या क्रेओल शेजाऱ्याच्या पूर्वजाची नोंद मालकाच्या मालमत्तेत सापडते, तीही बहुधा मालकानेच ठेवलेल्या नावाने. हा भेद वर्गात समजावून सांगितल्याखेरीज गुलामगिरीचा वारसा आज कोठे उरला आहे, हे मुलांना उमगणार नाही.

गुलामगिरी आणि करारबद्ध मजुरी या दोहोंची चौकशी करणाऱ्या सत्य व न्याय आयोगाने 2011 साली अहवाल दिला. आता आप्रवासी घाटाच्या जवळच, फ्रेंचांच्या काळातील लष्करी रुग्णालयात, गुलामगिरीचे संग्रहालय आहे. मॉरिशसच्या शाळांत मराठी शिकणाऱ्या मुलांनी घाटाबरोबर तेथेही अवश्य जावे, कारण त्यांच्या पणजोबांनी ऊस तोडला त्या जुन्या मळ्यांतले रान आधी गुलामांनी साफ केले होते.