पाग फेकाचा नाय

दुखणं पहिल्यांदा कळलं ते पाग टाकताना नाही, सकाळी ओला पंचा पिळताना. उजव्या कोपराच्या बाहेरच्या हाडावर कुणी तापलेली सळई टेकवावी तशी कळ आली आणि पंचा हातातून गळून पडला. आदली रात्र मी धरमतर खाडीच्या बांधावर, उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, तोंडाशी काढली होती. पहिला पाऊस झाला होता, वलगणीचे मासे वर चढत होते. अशा रात्री आमच्या खारेपाटात कुणी झोपत नाही आणि पाग किती वेळा टाकला तेही मोजत नाही.

पाग म्हणजे हातानं टाकायचं गोल जाळं. त्याला होडी लागत नाही की इंजिन लागत नाही. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांना समुद्र बंद असतो, तेव्हा त्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. पागवाल्याचा हंगाम नेमका तेव्हाच असतो. होडीला विश्रांती कायद्यानं मिळते. हाताला ती कोण देणार?

महिनाभर मी दुखणं अंगावर काढलं. निर्गुडीचा शेक झाला, ओव्याचं तेल झालं. मग तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात कोपरात इंजेक्शन घेतलं. तीन आठवडे हात नव्यासारखा झाला, म्हणून मी दुप्पट पाग टाकला. श्रावणात कळ परतली ती आधीपेक्षा वाईट. पुढं कळलं की असं अनेकांचं होतं. त्या इंजेक्शननं सुरुवातीला आराम पडतो, पण वर्षभरानं पाहिलं तर ते न घेतलेले लोक जास्त बरे असतात. मला हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं, असं आजही वाटतं.

अलिबागला एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला मूठ आवळायला सांगितली आणि दुसऱ्या हाताचं बोट कोपराखाली ठेवायला लावलं. मूठ आवळताच तिथला स्नायू ताठ झाला. मूठ घट्ट धरायची तर मनगट मागं रोखून धरावं लागतं. ते रोखणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या उंचवट्यावर एका दोरीसारख्या कंडरेनं बांधलेले असतात. ती कंडराच झिजली होती. याला टेनिस एल्बो म्हणतात. पण रुंग नावाच्या जर्मन डॉक्टरानं १८७३ मध्ये हे दुखणं नोंदवलं ते लिहिण्याच्या संदर्भात. टेनिसचं नाव त्याला मागाहून चिकटलं. बाई म्हणाल्या, ‘‘ही नुसती सूज नाही दादा. दोरीचे पदर विरलेत. शेकून पदर जुळत नाहीत, हळूहळू भार देऊन जुळतात.’’

भार म्हणून मी जुन्या पागाच्या शिशाच्या गोळ्या काढल्या आणि मोजून एक किलो सुती पिशवीत भरल्या. टेबलाच्या कडेवर हात पालथा ठेवायचा, पिशवी धरलेलं मनगट डाव्या हाताच्या आधारानं वर न्यायचं आणि मग आधार काढून, पाच आकडे मोजत, एकट्या उजव्यानं खाली सोडायचं. एका वेळी पंधरा वेळा, दिवसातून दोनदा. पहिल्या आठवड्यात डोळ्यांत पाणी यायचं. तीन महिन्यांनी पंचा पिळता आला.

पण खरी चूक सापडली ती काकांमुळं. ते आता पाग टाकत नाहीत, बांधावर बसून बघतात. एका संध्याकाळी म्हणाले, ‘‘पाग फेकाचा नाय रं, सोराचा.’’ आमच्या बोलीत ड चा र होतो; सोडायचा, असं ते म्हणत होते. लहानपणी त्यांनीच शिकवलं होतं. दोरीचा फास डाव्या मनगटात, घोळाचा एक भाग डाव्या कोपरावर, एक गोळी दातांत, उरलेला घेर उजव्या हातात. मग कमरेतून वळायचं. वळण पायांतून येतं, खांद्यातून जातं आणि बोटं फक्त उघडतात. पाग हवेत ताटासारखा गोल झाला तर समजावं की हातानं जोर केला नाही. वय वाढलं तसं कमरेचं वळण कमी झालं आणि ती कसर मी मुठीनं भरून काढत होतो. घेर आवळून धरायचो, भिरकवायचो. तो पडायचाही लांबट, भोपळ्याच्या फोडीसारखा.

मग पागच बदलला. पाच किलोचा बाजूला ठेवून साडेतीन किलोचा घेतला. दोरीवर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली, कारण जाड दोरी धरायला मूठ कमी आवळावी लागते. ओढताना तळवा वर आणि कोपर बरगडीला चिकटलेलं. हातानं न ओढता चिखलात मागं चालायचं. आणि रात्रीचे पाग चाळीस, त्यावर नाही.

कोपराकडं बघताना घरात दुसरा हात दिसला. बायको वीस वर्षं कोळंबी सोलतेय, विळीवर मासे कापतेय. चार वर्षं ती उजव्या अंगठ्याला चिंधी बांधत होती आणि मी ‘काय लागलं?’ म्हणूनही विचारलं नव्हतं. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला तिला कळ यायची. त्या दुखण्याला १८९५ मध्ये ते मांडणाऱ्या स्विस शल्यविशारद डी क्वेर्व्हेन यांचं नाव आहे. पुरुषाचा हात दुखला की घरभर चर्चा होते. पेणच्या बाजारात पाटी घेऊन बसणाऱ्या बाईचा अंगठा चिंधीतच राहतो. याची मला लाज वाटते. पुढच्या खेपेला अलिबागला आम्ही दोघं गेलो.

परवा वद्य द्वितीया होती. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, दोनाचे दीड. रात्री दीडला पाणी थांबलं, ओहोटी सुरू झाली आणि बोयी उघाडीकडं उतरू लागल्या. मी मोजत होतो. चाळिसावा पाग वर आला तेव्हा त्यात तीन बोयी आणि मूठभर कोळंबी होती. काळोखात उघाडीच्या फळीखाली जिताड्यानं शेपटी आपटली, एकदा, मग पुन्हा. मी थोडा वेळ उभा राहिलो आणि पाग पिळून खांद्यावर टाकला.

घरी ती झोपली होती, अंगठ्याला पट्टा लावून. कोळंबी मी टोपात ओतली आणि दिवा लावून सोलायला बसलो. डोकं डाव्या हातानं ओढायचं, साल पोटाकडून काढायचं. अर्ध्या तासात पावशेरही सोलून झाली नाही.