नातवाची गाडी आणि अल्कोहोल

परवा पंपावर स्कूटरमध्ये पेट्रोल भरायला गेलो होतो. पुढे चार गाड्या. उभ्या उभ्या 'ई२०'ची पाटी वाचत होतो. २००१ साली पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्याचे प्रयोग सुरू झाले, त्यात आपलं मिरज आणि मनमाड होतं. आता २० टक्के. पाटी वाचता वाचता एकदम आयोवा आठवलं.

२०२३च्या ऑक्टोबरात मुलीकडे तिथं गेलो होतो. आयोवा म्हणजे अमेरिकेतला मक्याचा मुलूख. आपल्याकडे ऊस कारखान्याला जातो, तसा तिथला कितीतरी मका इथेनॉलच्या कारखान्यांना जातो. नातवाकडे जुनी टर्बो गाडी. तिचं ट्यूनिंग त्यानं ई८५ या इंधनावर करून घेतलेलं. "आबा, ही अल्कोहोलवर पळते," तो कौतुकानं म्हणाला (तिकडची मुलं अरे-तुरेच करतात, मला ते आवडतं) आणि माझा चेहरा पडला.

कारण सांगतो. माझा थोरला भाऊ साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत कामाला होता. आधी त्याच्या कपड्यांना मळीचा आंबूस वास यायचा, पुढे तोंडाला दारूचा यायला लागला. बेचाळिसाव्या वर्षी गेला. मी चौतीस वर्षं मुलांना शिकवलं, पण भावाला समोर बसवून एकदाही विचारलं नाही, "दादा, किती घेतोस?" थोरल्याला कसं विचारायचं!

नातू समजावून सांगू लागला. टर्बो हवा दाबून इंजिनात भरतो, त्यानं ती तापते. मग पेट्रोलचं मिश्रण कधी कधी नको तेव्हा आपोआप भडकतं. त्याला नॉकिंग म्हणतात. त्यानं पिस्टनसुद्धा फुटतो. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त, शिवाय वाफ होताना ते उष्णता शोषतं, म्हणून बूस्ट वाढवता येतो. पण फुकट काही नसतं. १ किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९. म्हणजे तेवढ्याच हवेत इंधन बरंच जास्त ओतावं लागतं. त्यासाठी मोठे इंजेक्टर, मोठा पंप. "आणि पिता येऊ नये म्हणून कारखान्यातच त्यात थोडं पेट्रोल घालतात," तो म्हणाला. मी गप्प.

रविवारी मित्रांबरोबर ट्रॅकवर जायचं ठरलं होतं, त्या वर्षातली शेवटची खेप. आदल्या संध्याकाळी तो गॅरेजमध्ये काचेची नळी घेऊन बसला. १०च्या रेघेपर्यंत पाणी, वर १००पर्यंत ई८५. बूच लावून हलवलं आणि ठेवून दिलं. इथेनॉल पाण्यात मिसळून खाली बसतं, पेट्रोल वर तरंगतं. "आबा, तू वाच. तू मास्तर आहेस." मी चष्मा लावला. रेघ ७२वर. पाण्याचे १० वजा केले की ६२, तेही ९०पैकी. म्हणजे साधारण ६९ टक्के.

नाव ई८५, पण थंडीत इंजिन सुरू व्हायला त्रास पडतो, म्हणून तिथं हिवाळ्याकडे इथेनॉल कमी करतात. त्याचं ट्यूनिंग ८५ धरून केलेलं, आणि इंधनातलं इथेनॉल आपोआप मोजणारा सेन्सर अजून बसवायचा होता.

मित्रांचे दोन फोन आले. दोन्ही वेळा त्यानं शांतपणे "नो" म्हटलं आणि नळी धुवून ठेवली.

बावीस वर्षांचं पोर. मला त्याच्याकडे बघवेना. मग मी त्याला भावाची सगळी गोष्ट सांगितली. मी विचारलं नाही, तेही सांगितलं. त्यानं मध्ये एक शब्द काढला नाही. शेवटी विचारलं, "त्या आजोबांचं नाव काय होतं?" मी सांगितलं. मुलीच्या त्या घरात ते नाव पहिल्यांदाच घेतलं गेलं. गॅरेजच्या दारात ती कधी येऊन उभी राहिली होती, कळलंच नाही.

असो. तेवढ्यात माझा नंबर आला. पंपावरच्या पोरानं विचारलं, "आजोबा, किती?"

मी जरा वेळानं म्हटलं, "दोनशेचं टाक, बाळा."