शब्दांचें मोल

परकी भाषा शिकतांना त्या भाषेंतील कादंबरी वाचावी, असें शिक्षक सांगतात. आपलीच जुनी मराठी शिकण्यासही तोच मार्ग उत्तम, असा माझा अनुभव आहे. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रांतून क्रमशः प्रसिद्ध होऊं लागली. यमू नांवाची ब्राह्मण मुलगी तींत आपली कहाणी स्वतःच सांगते. म्हणून तिची भाषा पंडिती नसून माजघरांतली आहे.

सध्यां माझी नात ती मला वाचून दाखविते. अडलेल्या शब्दाशीं मी तिला थांबूं देत नाहीं. पुढचीं चार वाक्यें वाच, म्हणतों. बहुधा अर्थ आपोआप उलगडतो. ‘सोवळें’ तिला देवघरांतलें ठाऊक. पण ‘सोवळी’ म्हणजे केशवपन झालेली विधवा, हें तिला आतांच कळलें. ‘वपन’ शब्दाचा मीं धातु सांगितला : वप् म्हणजे पेरणें, तसेंच केस कापणें. तिनें तो टिपून घेतला. पुढें यमूचें बळजबरीनें केशवपन होतें, तेथें ती वाचतां वाचतां थांबली. मग म्हणाली, “आजोबा, तुमच्या धातूंत हें नव्हतें.”

खरेंच. कोशांत अर्थ सांपडतो. त्याची किंमत कोणीं मोजली, तें कादंबरींत कळतें. असे शब्द व्यवहारांतून गेले, हें इष्टच झालें. परंतु घरांतील मुलांना ते ठाऊक असावेत. नाहींतर ज्या घरांत ते बोलले गेले तें आपलें नव्हतेंच, असें त्यांना वाटेल.